साडेसात लाखांचं अ‍ॅप आणि गुरुजींची वही

जून २०२५ अर्धा सरला होता. भाच्याचा फोन आला, "मामा, उद्या सही करायचीय. त्याआधी एकदा कागद बघाल?"

मी एकतीस वर्षं बँकेत छोट्या कर्जांच्या टेबलावर काढली. घरात कुणी सही करायला निघालं की कागद माझ्याकडे येतो. रविवारी सकाळी तो बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या घरी आला आणि चहा यायच्या आधीच फाइल उघडली. घरी पूजेला गुरुजी बुक करायचं अ‍ॅप बनवून देणाऱ्या एका कंपनीचं कोटेशन होतं. यजमानांसाठी एक अ‍ॅप, गुरुजींसाठी दुसरं, आणि भाच्याला बसून सगळं बघता यावं म्हणून एक पॅनल, असं मिळून ६ लाख ४० हजार. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७ लाख ५५ हजार २००. चार महिन्यांत काम पूर्ण. चाळीस टक्के, म्हणजे तीन लाख दोन हजार, सहीबरोबर द्यायचे. खाली बारीक अक्षरांत देखभालीचे वर्षाला १५ टक्के वेगळे.

कल्पना घरातच जन्मलेली होती. २०२४ च्या भाद्रपदात बहिणीचं बिऱ्हाड बाजवाड्यातून भायलीला गेलं होतं. विश्वामित्रीचा पूर ओसरून दहा दिवसही झाले नव्हते. घरचे गुरुजी वयामुळे थांबलेले, आणि नवे कुणी ठरलेले नाहीत. ७ सप्टेंबरला, चतुर्थीच्या दिवशी, दुपारी तीनपर्यंत गणपती चौरंगावर रुमालाखाली बसून होते आणि स्वयंपाकघरात मोदक गार होत होते. शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं एक गुरुजी आले, उभ्या उभ्या प्राणप्रतिष्ठा केली आणि निघाले. त्या दुपारी भाच्याच्या डोक्यात आलं की गाडी बोलावतो तसे गुरुजी का बोलावता येऊ नयेत?

कल्पनेत वेडेपणा काहीच नव्हता, आणि हे मी त्याला सांगितलंही. पण बँकेत कर्ज मागायला येणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न माल कसा आहे हा नसायचा. माल घेणार कोण, त्याचं नाव सांगा, हा असायचा.

मग कोटेशनच्याच पाठीवर हिशेब मांडला. सत्यनारायणाची दक्षिणा सरासरी २,१०० धरली. त्यावर दहा टक्के कमिशन, म्हणजे पूजेमागे २१० रुपये. ७,५५,२०० भागिले २१० म्हणजे साधारण ३,६०० पूजा. तीन वर्षांत पैसे वसूल करायचे तर महिन्याला शंभर. त्यात वर्षाची देखभाल ९६ हजार, तिच्यासाठी आणखी साडेचारशे पूजा. जाहिरात, फोन आणि त्याचा स्वतःचा वेळ यात धरलेलाच नाही. प्ले स्टोअरच्या खात्याचे एकदाचे २५ डॉलर आणि अ‍ॅपलचे दरवर्षीचे ९९ डॉलर ही किरकोळ रक्कम, पण कोटेशनमध्ये तीही नव्हती. वैयक्तिक खात्यावरून नवं अ‍ॅप टाकायचं तर प्ले स्टोअर आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यायला लावतं, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उलट, स्टोअरवाले प्रत्येक पूजेतून तीस टक्के कापून घेतील ही त्याची भीती खोटी निघाली. ते कमिशन अ‍ॅपमध्ये विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालावर असतं, घरी येऊन केलेल्या पूजेवर नाही.

"महिन्याला शंभर होतील की, मामा. बडोद्यात मराठी घरं किती आहेत!"

घरं आहेत हे खरं. गायकवाडांच्या काळापासून आहेत. पण त्यातली किती घरं दर महिन्याला गुरुजी बोलावतात, आणि त्यातल्या किती घरांना गुरुजी शोधावे लागतात, हे निराळे आकडे आहेत. तेच आमच्याकडे नव्हते.

त्याच्याकडे एक सर्वेक्षण मात्र होतं. नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं गूगल फॉर्म फिरवला होता: "गुरुजी बुक करण्यासाठी अ‍ॅप आलं तर वापराल का?" १४० उत्तरं आली, त्यात १२८ हो. हाच कागद त्यानं सगळ्यात वर ठेवला होता. मी तो काढून तळाशी ठेवला. आपल्या बहिणीच्या मुलाला नाही कोण म्हणेल? हो म्हणायला कुणाचं काय जातं? ज्या बारा जणांनी नाही म्हटलं त्यांना भेटावंसं मला वाटलं, पण फॉर्मवर नावं नव्हती.

मी सांगितलं, सही महिनाभर पुढे ढकल आणि बावीस घरांत जाऊन बस. बावीस का, तर त्यानं वहीत नावं लिहिली ती तेवढीच झाली. अट एक होती. अ‍ॅपचं नाव काढायचं नाही आणि पुढे काय करणार हे विचारायचं नाही. मागचं विचारायचं. शेवटची पूजा कधी झाली, गुरुजी कुठून मिळाले, कुणी फोन केला, दक्षिणा किती दिली आणि डोक्याला ताप कशाचा झाला.

या बावीस घरांनी जे शिकवलं ते १४० उत्तरांत कुठेच नव्हतं. सतरा घरांत गुरुजी ठरलेले होते, कुठे कुठे तिसऱ्या पिढीपासून. आजोबांची श्राद्धतिथी, घरातला कुळाचार, लग्नात काय राहून गेलं होतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. अशा घरी अनोळखी गुरुजी आणायचे म्हणजे घरचा डॉक्टर बदलण्यापेक्षा अवघड. उरलेली पाच घरं नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून आलेल्यांची, गोत्री-वासणा-भायलीकडची. अडचण खरी त्यांची होती.

पण ताप कशाचा, या प्रश्नाला "गुरुजी मिळत नाहीत" हे उत्तर फार थोड्यांनी दिलं, आणि तेही फक्त चतुर्थीच्या दिवसापुरतं. बाकीच्यांचे ताप वेगळेच. कारेलीबागेतल्या एक काकू म्हणाल्या, "यादी आदल्या रात्री नऊ वाजता येते. हळकुंडं पाच, खारका पाच, जानवं, कापसाची वस्त्रं, विड्याची पंचवीस पानं. रात्री नऊला विड्याची पानं कुठून आणू?" मांजलपूरच्या एका तरुण जोडप्याला दक्षिणेचा पेच होता. गुरुजींना विचारलं की ते "यथाशक्ती" म्हणतात. या दोघांनी कमी दिले की जास्त, यावर त्या रात्री त्यांचं भांडण झालेलं. भाच्यानं हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मला तिथं पहिल्यांदा वाटलं की पोरगं आता ऐकायला लागलंय.

त्याच्या आराखड्यात आणखी एक खूण होती, "प्रमाणित गुरुजी", नावापुढे निळा टिक्का. मी विचारलं, प्रमाणित कोण करणार? तू? सयाजीराव महाराजांनी १९१५ साली पुरोहितांसाठी कायदाच केला होता. परीक्षा द्या, यजमानाला मंत्रांचा अर्थ समजावून सांगा. राज्य हाताशी असताना महाराजांना त्यासाठी कायदा लागला, आणि तू टिक्क्यावर भागवणार. टिक्का गेला. कोटेशनमधले चाळीस हजार त्याबरोबर जायला हवे होते, पण कंपनीनं ते दुसऱ्या ओळीत घातले.

आता खरी चाचणी. श्रावण २५ जुलैला लागत होता आणि चतुर्थी २७ ऑगस्टला. महिनाभर अ‍ॅपविना अ‍ॅप चालवायचं ठरलं, म्हणजे अ‍ॅप म्हणजे भाचाच. नवं सिमकार्ड, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. कॅटलॉगमध्ये पाच पूजा, प्रत्येकीपुढे दक्षिणा स्पष्ट लिहिलेली. दक्षिणेचा पेच तिथंच सुटला. चॅटला रंगीत लेबलं लावली: विचारणा, आगाऊ आले, गुरुजी ठरले, पूजा झाली. पूजासाहित्याच्या चार दुकानांत क्यूआर कोडचा कागद चिकटवला. तीन हजारांची जाहिरात दिली, तिच्यावर क्लिक भरपूर आले, पण निम्मे नोकरी मागणारे. तो पैसा पाण्यात गेला.

नियम एकच. ५०१ रुपये आगाऊ यूपीआयनं आल्याशिवाय बुकिंग धरायचं नाही. भाचा कुरकुरला, "लोक पळून जातील." पळणारे आत्ताच पळू देत, तीन लाख दिल्यावर पळण्यापेक्षा. आणि सुरू करायच्या आधीच मी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं की ३० आगाऊ आले, त्यातले निदान निम्मे चतुर्थी सोडून इतर दिवसांचे असले, आणि ज्यांची पूजा झाली त्यांनी पुढच्या वेळीही आपल्यालाच फोन केला, तर सही. नाहीतर नाही. तारीख टाकून त्याची सही घेतली. हे आधीच लिहून घ्यावं लागतं. आकडे आल्यावर प्रत्येक माणूस आपल्या कल्पनेचा वकील होतो, हे मी टेबलाच्या पलीकडून फार पाहिलंय.

गुरुजी जमवताना माझा अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं काम मिळतंय म्हटल्यावर रांग लागेल. अठरा जणांना भेटलो, पाच तयार झाले. एकानं सरळ विचारलं, "मला सत्तर घरं आहेत, तुमची आणखी कशाला?" दुसऱ्यांना कमिशन हा शब्दच आवडला नाही. जे पाच आले ते तरुण, पाठशाळेतून नुकते बाहेर पडलेले, स्कूटरवरून फिरणारे. आणि यजमानांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गुरुजी ऋग्वेदी की यजुर्वेदी?" भाच्याच्या कोटेशनमध्ये शाखेचा रकानाच नव्हता. कंपनीनं तो नंतर जोडायचे वेगळे पैसे लावले असते.

महिन्याअखेरीस ९६ विचारणा, १९ आगाऊ. त्यातली १४ एकट्या २७ ऑगस्टची. बाकीची पाच म्हणजे श्रावणातले तीन सत्यनारायण, एक वास्तुशांत आणि एका नवविवाहितेची मंगळागौर.

चतुर्थीची सकाळ मी स्वतः पाहिली. पहाटे साडेचारला भाचा खंडेराव मार्केटजवळ फुलं, दूर्वा आणि पत्री घेत होता. भाव आदल्या आठवड्याच्या तिप्पट. पाचही गुरुजींची स्वतःची घरं पहाटेपासून लागलेली, आणि मधल्या फटींत आमची. प्रतिष्ठापनेला मध्याह्न हवा, म्हणजे साडेअकरा ते दोनच्या आसपासचं अडीच तासांचं अंतर, आणि सगळ्या शहराला तेच हवं. चौदातली आठ घरं पार पडली. सहांचे ५०१ परत करावे लागले, त्यातल्या चौघांना तर आदल्या संध्याकाळीच नाही म्हणून सांगितलं होतं. साडेअकराला गोत्रीतल्या एका बाईंचा फोन आला. भाचा घामाघूम होऊन "निघालेत, निघालेत" म्हणत होता, आणि पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "राहू द्या. आम्ही यूट्यूबवर लावली पूजा. तेही सांगतात, आता अक्षता वाहा, आता पळीभर पाणी सोडा. आरतीला या प्रसादाला."

मी तेव्हा हसलो, पण संध्याकाळी विचार केला तर तोच सगळ्यात मोठा स्पर्धक होता. उशिरा येत नाही, दक्षिणा मागत नाही, शाखा विचारली तर दुसरा व्हिडिओ लावता येतो. सर्वेक्षणात असा प्रतिस्पर्धी सापडत नाही, कारण त्याचं नाव घ्यायला यजमानालाच थोडं ओशाळं वाटतं.

त्या रात्री भाच्यानं त्याची आवडती गोष्ट पुन्हा सांगितली. फणींद्र सामांना दिवाळीत घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही आणि त्यातून २००६ साली रेडबस ही बसतिकिटांची कंपनी उभी राहिली. सणाच्या गर्दीतली अडचण म्हणजेच धंदा की नाही? गोष्ट खरी आहे. पण बस रोज सुटते. दिवाळी सोडून इतर दिवशी तिच्यात रिकाम्या सीटा असतात आणि बसवाल्याला त्या विकायच्या असतात. आमच्या गुरुजींकडे चतुर्थीला सीट नव्हती, आणि इतर दिवशी सीट होती तर प्रवासी कमी. ज्या दिवशी मागणी आहे त्या दिवशी विकायला काही नाही, हे अ‍ॅप बनवून बदलणार नव्हतं. अ‍ॅपनं नवे गुरुजी जन्माला येत नाहीत.

मग तिसरी अट, परत फोन करण्याची. चतुर्थीनंतर पितृपक्ष आला, त्यात आमच्याकडे कुणी विचारणाही केली नाही. श्राद्धाला नवा माणूस कोण बोलावतो? पण नवरात्र आणि कोजागरीच्या सुमारास श्रावणातल्या दोन घरांत पुन्हा सत्यनारायण झाला, हे आम्हाला गुरुजींकडूनच कळलं. दोघांनीही गुरुजींना थेट फोन केला होता. तरुण गुरुजी पेढ्यांचा पुडा घेऊन भाच्याकडे आले. म्हणाले, "तुमच्यामुळे दोन घरं जोडली गेली." मनानं सरळ माणूस. त्याला कळलंही नाही की त्या पेढ्यांत भाच्याचं कमिशन होतं. फोन नंबर लपवायची सोय अ‍ॅपमध्ये करता आली असती, कोटेशनमध्ये ती होतीही. पण गुरुजी दोन तास घरात बसतात, यजमानीणबाई त्यांना फराळ देतात, मुलांच्या मुंजीचं बोलणं होतं. तिथं नंबर लपून लपणार किती?

एका गोष्टीला मात्र आम्ही हिशेबात धरलं नव्हतं तरी ती चालली. काकूंच्या विड्याच्या पानांवरून भाच्यानं सहज म्हणून चतुर्थीच्या साहित्याची पिशवी केली होती. किंमत ६५०, खर्च ४८०. एकतीस गेल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा घरांत गेल्या जिथं गुरुजी ठरलेले होते. १७० प्रमाणे ५,२७० रुपये सुटले. तीन तक्रारी आल्या: दोघांच्या दूर्वा सुकलेल्या, एकाकडे जानवं राहिलं. धंदा म्हणून हा छोटा आहे, दुकानवाले तो आधीपासून करतात, आणि त्याला अ‍ॅप लागत नाही. पण आगाऊ पैसे न कुरकुरता आले ते याच एका गोष्टीला.

सगळा खर्च जाहिरातीसकट ११,४०० रुपये आला, पिशव्यांतून सुटलेले वजा केले तर सहा हजारांच्या थोडं वर. कंपनीला भाच्यानं नाही कळवलं. ते चिडले, मग सव्वाचार लाखांत "छोटी आवृत्ती" देऊ म्हणाले. किंमत इतक्या चटकन उतरते तेव्हा मला बँकेतली जुनी खाज सुटते, पण तो विषय वेगळा.

माझ्या चाचणीतही खोट होती, ती सांगितली पाहिजे. आम्ही ती वर्षातल्या सगळ्यात गजबजलेल्या महिन्यात घेतली. पौषात घेतली असती तर पाचही आगाऊ आले नसते, आणि निकाल महिनाभर आधी लागला असता. शिवाय बावीस घरं बहुतेक आमच्या ओळखीची, म्हणजे ब्राह्मण वस्तीतली. मराठी बडोदा तेवढंच नाही. भाच्याचं म्हणणं, नव्यानं येणाऱ्या नोकरदारांची पाच घरं हीच खरी बाजारपेठ, त्यांच्याकडे पुन्हा जाऊन बघावं. जावं त्यानं. सिमकार्ड अजून चालू आहे.

डिसेंबरात आम्ही दोघं वाडी भागातल्या एका ज्येष्ठ गुरुजींकडे गेलो. काम भाच्याचंच होतं. त्याला वाटत होतं की गुरुजींसाठी वेळापत्रक सांभाळणारं काहीतरी करावं, पैसे यजमानानं नाही तर गुरुजींनी द्यावेत. गुरुजींनी ऐकून घेतलं, सुपारी कातरत. मग म्हणाले, "पुढचं वर्ष बघून ठेवा. ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. मुंजी-लग्नं नाहीत. तुमच्या यंत्राला हे ठाऊक असतं का?"

मग त्यांनी फडताळातून लाल कापडी बांधणीची लांबट वही काढली. दर पानावर तिथी, पुढे नावं, नावांपुढे गल्ली. काही नावं खोडून त्यांच्या जागी मुलाचं नाव लिहिलेलं. बोटाला थुंकी लावून त्यांनी पानं उलटली आणि २०२६ च्या भाद्रपद शुद्ध चतुर्थीवर थांबले. १४ सप्टेंबर, सोमवार. पानावर आधीच एकोणीस नावं होती.

भाचा पानाकडे बघत राहिला. गुरुजींनी पेनचं टोपण काढलं.

"भायलीला ना तुम्ही? लांब पडतं. पहाटे साडेपाचला चालत असेल तर लिहितो, विसावं."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "लिहा," म्हणाला.